दप्तराचा वास

नाकाने नकार दिला तेव्हा शर्वरी गभणे चहाचा कप तोंडाला लावत होती.

नाक म्हणजे घ्राणयंत्र. सरकारी कागदात त्याचं नाव 'अभिलेख गंधमापन संच' असं भारदस्त होतं, पण तुमडीघाट नगरपरिषदेत ते आलं त्या दिवसापासून शिपायापासून मुख्याधिकाऱ्यांपर्यंत सगळे त्याला नाकच म्हणत. शिवणयंत्राएवढी पेटी, तिला एक लवचीक नळी आणि नळीच्या टोकाला बारीक पोकळ सुई. ही सुई बांधलेल्या दप्तराच्या पानांमध्ये सरकायची, तिथली चिमूटभर हवा ओढून घ्यायची, आणि मग पेटी थोडा वेळ गुरगुरून पडद्यावर हिरवी पट्टी दाखवायची. आल्यापासून तिने हिरव्याशिवाय दुसरा रंग दाखवला नव्हता. आज पहिल्यांदा लाल पट्टी उमटली.

"सुई नीट गेली नसेल. परत घ्या," शर्वरी म्हणाली.

यंत्राबरोबर नागपूरहून आलेली इंजिनिअर फरीन शेख हिने परत घेतलं. पट्टी लालच. वहीच्या शिवणीतून घेतलं, शेवटच्या पानातून घेतलं. नाकाने तिन्ही वेळा नाक मुरडलं.

"ही वही या खोलीत राहिलेली नाही मॅडम," फरीन म्हणाली. "हिला तुमच्या दप्तराचा वासच नाही. उलट विडीचा धूर आहे, चहा आहे. कुणाच्या तरी घरी होती ही."

शर्वरीने कप खाली ठेवला. वही कुंभार टोलीची होती. गावाबाहेरच्या उंचवट्यावरच्या त्या वस्तीतली घरं नगरपरिषदेने पहिल्यांदा कर लावण्यासाठी नोंदवली, तेव्हाची ती जुनी नोंदवही. टोली तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे, एवढं सांगणारा दुसरा कागद जगात नव्हता.

*

कागदाला हुंगण्याची वेळ सरकारवर का आली, हे सांगायला हवं. त्या दिवसांत खोटा कागद बनवणं पोरखेळ झाला होता. जुना दिसणारा कागद, जुन्या शाईचा उडालेला रंग, वारलेल्या कारकुनाचं हुबेहूब वळण, सगळं यंत्रं करून देत. संगणकातल्या प्रतींवरचा कोर्टाचा विश्वास तर केव्हाच उडाला होता. अशात कुठल्याशा प्रयोगशाळेत कुणाच्या तरी एक साधी गोष्ट लक्षात आली. कागद श्वास घेतो.

कागद म्हणजे झाडाचे तंतू. ते वर्षानुवर्षं हळूहळू तुटत राहतात आणि तुटताना त्यांतून वाफा निघतात. जुन्या पुस्तकाचा आपल्याला आवडणारा गोडसर वास तो हाच. पण कागद नुसता वास सोडत नाही, आजूबाजूचा वास पिऊनही घेतो. भिंतीचा चुना, कपाटाचं लाकूड, डांबरगोळ्या, जवळपासचा धूर, सगळं त्या तंतूंच्या पोकळ्यांत जाऊन बसतं. वरच्या पानांवर अलीकडचं, आत शिवणीजवळ फार जुनं. कागद, शाई, सही यांची नक्कल होते, पण एखाद्या खोलीत चाळीस वर्षं मुरलेला वास बनवायचा तर चाळीस वर्षंच लागतात. तेवढा धीर कुठल्या भामट्याकडे असणार?

कायदाही याला सोयीचा निघाला. जुना दस्त जिथे असायला हवा तिथून, म्हणजे योग्य ताब्यातून आला असेल, तर तो खरा मानावा, असं कोर्टं पूर्वीपासून म्हणतच होती. आता त्या योग्य ताब्याचा दाखला नाक देऊ लागलं. दाखला मिळेल तो कागद खरा, न मिळेल तो रद्दी.

*

"मग लिहून टाका न," मुख्याधिकारी धकाते म्हणाले. "वही योग्य ताब्यात नव्हती. विषय संपला."

धकाते साहेब वाईट माणूस नव्हता, पण त्याला विषय संपवायची फार हौस. शिवाय या विषयाच्या संपण्यात सोय होती. नगरपरिषदेला पुराच्या पाण्यापासून सुरक्षित असं नवं अभिलेख भवन बांधायचं होतं आणि गावात पुराचं पाणी कधी न चढलेली जागा एकच, कुंभार टोलीचा उंचवटा. वही खोटी ठरली की टोली म्हणजे अतिक्रमण. मग नोटीस देऊन सगळ्यांना नदीकाठच्या खोलगट भागात हलवायचं, की झालं.

"पोळ्याच्या आदल्या दिवशी अपर जिल्हाधिकारी मॅडम सुनावणीला येऊन राहिल्या," धकाते म्हणाले. "तोवर सगळ्या जुन्या दप्तराचा अहवाल तुमच्या सहीनं तयार ठेवा."

शर्वरी 'हो' म्हणून खाली आली खरी, पण तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. हा किडा तिचा लहानपणापासूनचा. वही टोलीची, नगरपरिषदेच्या शिक्क्याची, हुद्देदारांच्या सह्यांची. ती कुणी घरी नेली असेल, तर का नेली? आणि नेलीच, तर परत का आणून ठेवली?

अभिलेख कक्षाच्या दारावर तिच्या सासऱ्यांचा फोटो होता. तरुण सुधाकर गभणे, अंगावर शाल, शेजारी तेव्हाचे जिल्हाधिकारी. खाली पाटी : 'महापुरात नगरपरिषदेचे दप्तर वाचवणारे रेकॉर्ड कीपर'. चाळीस वर्षांपूर्वी नदी गावात शिरली तेव्हा त्यांनी एकट्याने सगळं दप्तर कचेरीच्या माळ्यावर चढवलं, ही गोष्ट गावातल्या पोरासोरांना पाठ होती. शर्वरी त्या घरात सून म्हणून गेली तीही या खोलीमुळेच. परीक्षा देऊन ती इथे लागली, निवृत्त गभणे एक दिवस सहज डोकवायला आले, तिने बांधलेला रुमाल त्यांनी ओढून पाहिला, आणि महिन्याभरात मुलाचं स्थळ घेऊन तिच्या घरी हजर झाले. रुमाल म्हणजे दप्तर बांधायचं कापड. कायम जपायच्या 'अ' वर्गाला लाल, पुढच्या वर्गांना दुसरे रंग. "गाठ चांगली मारते पोरगी," एवढंच त्यांनी तिच्या आईला सांगितलं होतं. नवरा नागपूरला नोकरीला, शनिवारी घरी यायचा. बाकीचे दिवस घरात ती आणि तिचे मामाजी. त्या बाजूला सुना सासऱ्यांना मामाजी म्हणतात.

"फरीन," ती म्हणाली, "नाकाला आमच्या दप्तराचा वास कुणी शिकवला?"

"दप्तरानंच. यंत्राला मुळात काही माहीत नसतं. इथले जुने गठ्ठे मी त्याला हुंगवले. सगळ्यांत जे सारखं सापडलं ते त्यानं या खोलीचा वास म्हणून धरलं."

"त्यात काय काय आहे, सांगता येईल?"

फरीनने पडद्यावर यादी आणली. डांबरगोळी. चुना. सागवान. आणि मग दोन मोठ्या पट्ट्या : धानाच्या तुसाचा धूर आणि भाजलेली माती.

"राइस मिल असेल जवळ," फरीन म्हणाली.

"नाही. कधीच नव्हती."

शर्वरीने फरीनला खोलीच्या कोपऱ्यातलं सागवानी कपाट दाखवलं. पुरातही जागचं न हललेलं, खोलीतलं सगळ्यांत जुनं सामान. फरीनने त्याच्या चिरेत सुई घातली, भिंतीच्या पोपड्यांत घातली, दाराच्या चौकटीत घातली. चुना होता, सागवान होतं. तुसाचा धूर कुठेच मुरलेला नव्हता.

"असं कसं?" फरीन पुटपुटली. "खोलीलाच खोलीचा वास नाही?"

*

धानाचं तूस जाळून माती भाजतात ती जागा गावात एकच होती. दुसऱ्या दिवशी नमुना घ्यायची काचेची नळी पिशवीत टाकून शर्वरी कुंभार टोलीवर गेली.

पोळा तोंडावर आलेला. घरोघरी मातीचे बैल वाळत होते, वशिंडावर बोटांचे ठसे तसेच. टोलीच्या मध्यभागी मोठ्या मांडवाखाली आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, धुमसत होती. शर्वरी मांडवात शिरली आणि जागीच थांबली.

हा वास तिच्या ओळखीचा होता. चांगलाच ओळखीचा. रोज सकाळी अभिलेख कक्षाचं कुलूप काढलं की पहिला हाच अंगावर यायचा. जुन्या कागदाचा वास म्हणून ती तो छातीभर घ्यायची, लोकांना कौतुकाने सांगायची. नळी तिने पिशवीतून काढलीच नाही.

"काहून बाई, अशा उभ्या काहून रायल्या? बसा न." आव्याशी बसलेली म्हातारी बोलली. टोलीतली सगळ्यांत वयस्कर, शेवंताबाई.

शर्वरीने नाव सांगितलं. गभणे म्हटल्यावर शेवंताबाईने निरखून पाहिलं. "सुधाकर बाबूची सून का तू? बरा आहे का तो? पुरानंतर काही आला नाही इकडं."

"आजी, पुराच्या वेळी मामाजी इथं आले होते?"

"आले होते म्हंजे? अवो, सारं दप्तर घेऊन आले होते! छातीएवढं पानी होतं कचेरीत. आमचे मानसं गेले, डोक्यावर गठ्ठे घेऊन रांगेनं आले. सारं ओलंचिंब. पोळ्याचे बैल भाजून आवा नुकताच उघडला होता, राख गरम होती. बाबू म्हने, कागद सुकले नाही तं सडतीन. मंग काय करता? बैल काढले भाईर पावसात, अन् मांडवात कागद पसरले. भाजलेले तं टिकले, पन कच्चे बैल सारे विरघळले." ती हसली. "भाजलेलेबी मंग गठ्ठ्यावर वजन म्हनून ठेवले, कागद उडू नाही म्हनून. कच्च्याचा तं चिखल झाला. त्या साली गावात पोळ्याला मातीचा बैल नव्हता. इचार तुह्या सासऱ्याले."

"किती दिवस होतं दप्तर इथं?"

"पुरं सुकेपर्यंत. दसऱ्याच्या आसपास नेलं असंन. रोज तुसाचा धूर करत होतो, वाळवी लागू नाही म्हनून."

शर्वरीला एकदम सगळं उलगडलं. नाक खोटं बोलत नव्हतं, पण त्याने गावाला उलटं वाचलं होतं. ज्या वासाला ते खोलीचा वास समजत होतं तो या मांडवाचा होता. गावाचं सगळं दप्तर कुंभार टोलीत राहून आलं होतं. फक्त कुंभार टोलीचं दप्तर तेवढं तिथे गेलं नव्हतं.

*

मामाजी अंगणात तुळशीची पानं खुडत होते. शर्वरीने आडवळण न घेता विचारलं. त्यांचा हात थांबला.

"शेवंता अजून आहे का?" एवढंच ते आधी बोलले. मग ओट्यावर बसले.

"लेखी परवानगीशिवाय दप्तर कचेरीबाहेर नेलं तर निलंबन, तेव्हाही होतं. परवानगी द्यायला कुणी जागेवर नव्हतं, साहेब जिल्ह्याला अडकले होते. पाणी चढून राहिलं होतं. मी नेलं. परत आणल्यावर अहवालात लिहिलं, दप्तर माळ्यावर हलवलं. त्या माळ्यावर चार गठ्ठे मावत नाहीत, पण वर चढून पाहतं कोण? म्हटलं, प्रकरण थंड झालं की खरं सांगू. तेवढ्यात ती शाल आली." त्यांनी हातातली तुळशीची पानं ओट्यावर ठेवली. "शाल अंगावर पडली आणि तोंड बंद झालं बघ."

"म्हणून टोलीवर गेला नाहीत कधी?"

"कोणत्या तोंडानं जाऊ?"

"आणि टोलीची वही? ती कुठे होती?"

मामाजी हसले, पण त्या हसण्यात सुख नव्हतं. "ती खाली नव्हतीच. ज्याचा निकाल लागला ते दप्तर खाली रेकॉर्डला जातं. टोलीच्या लोकांनी जागा नावावर करा म्हणून अर्ज केला होता, तो कधी निकाली निघालाच नाही. म्हणून त्यांची वही वरच्या मजल्यावर, बड्या बाबूच्या, म्हणजे हेडक्लार्कच्या टेबलावर, प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात पडून. वर्षानुवर्षं. वर पाणी आलंच नाही. बडे बाबू विड्या ओढायचे आणि तिच्यावर चहाचा कप ठेवायचे. तपासणीसाठी जुने कागद गोळा करताना शिपायानं ती आता कुठे खाली आणली असेल."

विडी आणि चहा. शर्वरीने कपाळावर हात मारला.

"आता ऐक माझं," मामाजींचा आवाज बदलला. "हे तू लिहू नको. टोलीची वही वाचेल, पण बाकी सगळ्या गावाची दप्तरं योग्य ताब्याबाहेर होती असं होईल. लोकांची घरं, शेतं, दुकानं, जन्म, लग्नं, सगळं रद्दी. हे आपलं घरसुद्धा त्याच गठ्ठ्यात आहे. आणि..." पुढचं तिला कळलं. दारावरचा फोटो.

शर्वरीला त्यांची फार कीव आली आणि रागही तेवढाच आला. या माणसाने तिला गाठ मारायला नव्हे, तर गाठीची लाज राखायला शिकवलं होतं. कागदावर आहे तेच खरं, म्हणून आपण कागदावर खरं तेच ठेवायचं, हे त्यांचंच वाक्य.

"मामाजी, मी लिहिणार आहे," ती म्हणाली. "तुमचं नाव वगळून लिहिता येत असतं तर तसं लिहिलं असतं. येत नाही."

त्यानंतर घरात भांड्यांचाच काय तो आवाज. मामाजी तिने वाढलेलं जेवत होते, पण ताटाकडे बघून.

*

सुनावणीला कचेरीचं सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत माजी नगराध्यक्ष भुरे, बसस्थानकासमोरच्या निम्म्या गाळ्यांचे मालक. टोली उठली की भवनाच्या बांधकामाचं कंत्राट आपल्या भाच्याला, असा त्यांचा होरा असल्याचं गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मागे भिंतीशी टोलीची माणसं, मध्ये शेवंताबाई.

अपर जिल्हाधिकारी वाकोडीकर मॅडमनी अहवाल वाचायला घेतला. वाचता वाचता त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. धकाते साहेबांनी तो अहवाल उघडूनही पाहिला नव्हता. त्यांचा विषय आधीच संपला होता.

"म्हणजे, गभणेबाई," मॅडम म्हणाल्या, "लाल ठरलेली एक वही सोडली तर यंत्रानं हिरवं म्हटलेलं सगळं दप्तर काही काळ कचेरीबाहेर होतं, असं तुमचं म्हणणं?"

"हो मॅडम. ती एकच वही कचेरीबाहेर गेली नाही."

सभागृहात गलका उडाला. धकाते उभे राहिले, "मॅडम, हे काय लिहून राहिल्या या! यंत्राचा दाखला आहे!"

फरीन उठली. तिला दोन दिवस यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे फोन येत होते आणि तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज ठाम होता. "यंत्र बरोबर आहे सर. आम्ही त्याला चुकीची खोली शिकवली. बहुतेकांचा तोच खरा, असं आम्ही धरून चाललो."

"पण याला साक्षीदार कोण?" मॅडमनी विचारलं. "अहवालात सुधाकर गभणे यांचं नाव आहे. त्यांचाच त्या वेळचा लेखी अहवाल नेमका उलटं सांगतो."

तेवढ्यात मागच्या बाकावर कुणीतरी काठी टेकवून उठलं.

"तो अहवाल खोटा आहे मॅडम," मामाजी म्हणाले. "मीच लिहिलेला आहे, म्हणून मला माहीत. दप्तर मी वाचवलं नाही. या लोकांनी वाचवलं." त्यांनी टोलीच्या माणसांकडे हात केला, पण त्यांच्याकडे बघणं त्यांना जमलं नाही. "माळ्यावर जाऊन बघा. चार गठ्ठे मावले तर मला तुरुंगात टाका."

शेवंताबाई जागेवरूनच म्हणाली, "कायले तुरुंग? त्यानं काय इकून खाल्लं का काई?"

मॅडमना हसू आवरावं लागलं. मग त्या गंभीर झाल्या. "प्रश्न सरळ आहे. दप्तर तेव्हा कुंभार टोलीच्या मांडवात होतं. तो योग्य ताबा मानायचा की नाही? नसेल, तर टोलीची वही तेवढी खरी आणि बाकी सगळं गाव निराधार. कुणाला काही म्हणायचं आहे?"

आपले गाळे, आपला गुरांचा वाडगा, आपल्या आजोबांच्या नावची जमीन, सगळं भुरे यांच्या डोळ्यांपुढून सरकलं असावं. ते ताडकन उभे राहिले.

"योग्य म्हणजे काय मॅडम, एकदम योग्य! पुरात दुसरं होतं काय? टोली होती म्हणून तर दप्तर राहिलं!"

"म्हणजे टोली तेव्हा तिथे होती, हे तुम्हाला मान्य?"

मागून कुणीतरी खुसकन हसलं. "होती," भुरे म्हणाले. "होतीच न."

मॅडमनी आदेश तिथेच सांगून उतरवून घेतला. महापुराच्या काळात कुंभार टोलीतील आव्याचा मांडव हा तुमडीघाट नगरपरिषदेचा तात्पुरता अभिलेख कक्ष होता, असं मानण्यात येत आहे. सबब तेथील दप्तर योग्य ताब्यात होतं. टोलीची नोंदवही कचेरीतच असल्याने ती निर्विवाद. जागेच्या अर्जाचा निकाल टोलीच्या बाजूने. अभिलेख भवनासाठी नगरपरिषदेने दुसरी जागा पाहावी.

*

पोळ्याच्या दिवशी कचेरीला सुट्टी होती, पण शर्वरीला राहवलं नाही. तिने अभिलेख कक्ष उघडला. तोच वास आला. आज तिने तो टोलीचं नाव घेऊन ओढला.

मागोमाग आलेली फरीन नाक खोक्यात भरायला लागली. जाण्याआधी तिने त्याला नवीन नमुना शिकवला होता. पडद्यावर आता दोन खोल्या होत्या, 'अभिलेख कक्ष' आणि खाली 'अभिलेख कक्ष, कुंभार टोली'.

टोलीची वही टेबलावर होती. निकाल लागला, म्हणजे ती आता प्रतीक्षाधीन राहिली नव्हती. शर्वरीने नवं लाल कापड पसरलं, वही मधोमध ठेवली, चारही टोकं वर आणली. तेवढ्यात दारात काठी वाजली.

मामाजी होते. त्यांच्या चपलांना टोलीची लाल माती लागलेली होती. त्यांनी आधी दारावरचा आपला फोटो खिळ्यावरून उतरवला आणि कपाटामागे पालथा ठेवला. मग खिशातून एक मातीचा बैल काढून टेबलावर ठेवला. अजून कोमट होता.

"दोन दिले तिनं. मी एकच आणला," ते म्हणाले. "दुसरा घरी ठेवला, तुझ्यासाठी." अंगणातल्या त्या बोलण्यानंतर त्यांनी तिच्याकडे बघून बोललेलं हे पहिलं वाक्य.

मग त्यांनी रुमालाची दोन टोकं हातात घेतली. "धर," ते म्हणाले. शर्वरीने बोट टेकवलं आणि त्यांनी त्यावर गाठ मारली.